एक खाच मागे

मॉरिस मायनरच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये, ब्रेकच्या विभागात, एक छोटीशी सूचना आहे. चाकाची टोपी काढावी, चाक सावकाश फिरवत ड्रमवरचे छिद्र आतल्या पेचासमोर आणावे, ब्रेकचे शू ड्रमला टेकून चाक अडेपर्यंत पेच आवळत न्यावा, आणि मग तो एक खाच मागे घ्यावा. सूचना इथे संपते. तिला ना प्रस्तावना ना समर्थन. तरीही गेली कितीतरी वर्षे मी या चार ओळींपाशी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो, एखाद्या बंदिशीच्या मुखड्याकडे गवयाने यावे तसा, आणि प्रत्येक वेळी त्यांच्यात मला काही नवे ऐकू येते.

आपण हे वाक्य जरा उजेडात धरून पाहू. त्याचे दोन भाग आहेत, एक आवळण्याचा आणि एक सोडण्याचा. पहिला भाग कोणालाही सुचेल. ब्रेक घट्ट लागत नसेल तर तो आवळावा, हे लहान मूलही सांगेल. पण आवळत आवळत चाक पूर्ण अडेपर्यंत जायचे, म्हणजे जिथे थांबायचे आहे त्याच्या पुढे जायचे, तो टोकाचा स्पर्श हाताने ओळखायचा आणि तिथून एकच खाच माघारी यायचे, ही युक्ती ज्याने प्रथम शब्दांत मांडली त्याला मापाचे मर्म कळले होते. शू आणि ड्रम यांच्यामध्ये किती अंतर हवे, हे त्याने इंचाच्या हजाराव्या भागात सांगितले नाही. सांगितले असते तरी गाडीखाली कुशीवर पडलेल्या माणसाला बंद ड्रमच्या आत ते मोजता आले नसते. त्याने माप बोटांच्या हवाली केले. पेच फिरताना आतली पायरीपायरीची चकती ‘टक’ करते, तो टक्का स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीतून तळव्यात उतरतो, आणि त्या एका टक्क्यात नेमके तेवढे अंतर साठवलेले असते. तंबोरा लावताना खुंटी पिळून सूर थोडा वर जाऊ द्यायचा आणि मग अलगद खाली आणून षड्जावर बसवायचा, ही रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना या ओळीची चव वेगळी समजावून सांगायला नको.

हे पुस्तक माझ्याकडे गाडीबरोबरच आले. गाडी मामांची, 1954 सालची, 803 सीसीच्या इंजिनाची मायनर. ॲलेक इसिगोनिस या अभिकल्पकाने घडवलेली ही मोटार 1948 साली लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात जगापुढे आली. ती आणखी रुंद हवी असे त्याला ऐन वेळी वाटले, म्हणून तयार नमुना मधोमध उभा कापून दोन भाग 4 इंचांनी दूर सरकवले गेले. बॉनेटच्या मधून धावणारी ती सपाट पट्टी म्हणजे त्या निर्णयाचीच खूण. तिचा आरंभीचा अवतार आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने रस्त्यावर आणला होता. एकंदर सोळा लाखांहून अधिक मायनर जन्माला आल्या. त्यांतली एक पुण्यात प्रभात रोडवरच्या पोर्चमध्ये, बुचाच्या झाडाखाली, मामांच्या आजारपणात सहा पावसाळे उभी राहिली. ती माझ्याकडे आली तेव्हा इंजिनाने दोन दिवसांत श्वास घेतला, पण ब्रेकचे पेडल पायाखाली कणकेसारखे दबत जाई आणि वर यायचे विसरे.

मार्गदर्शन शोधायला मी आधी नाना पेठेत गेलो. तिथल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जी माणसे बसतात त्यांची स्मरणशक्ती एखाद्या पाठशाळेतल्या वैदिकासारखी असते. माझ्या हातातला जुना रबरी कप पाहून एका वृद्ध दुकानदाराने तो उजेडाकडे धरला, काठ बोटाने चाचपला आणि ते म्हणाले, “माल मिळेल, दादा. पण आधी पुस्तक वाचा. ब्रेकचं काम विचारत विचारत करायचं नसतं, समजून करायचं असतं.” घरी येऊन मी सीटखालच्या कप्प्यातून, तेलकट धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेले, ते मॅन्युअल बाहेर काढले. त्या दिवशी मी मोटार दुरुस्त करायला बसलो होतो. उठलो तेव्हा एका ग्रंथाच्या प्रेमात पडलेलो होतो.

पुस्तक उघडल्यावर आधी डोळ्यांत भरते ते चित्र. पेडलचा दाब ब्रेकच्या तेलाला देणाऱ्या मास्टर सिलिंडरचे सगळे भाग सुटे करून एका तिरक्या अक्षावर, ज्या क्रमाने ते आत बसतात त्याच क्रमाने, अधांतरी ठेवलेले. माळेचा दोरा कायम ठेवून मणी मात्र एकमेकांपासून दूर सरकवावेत तसे ते दिसतात. पिस्टन, त्याच्या पुढचा पातळ वायसर, मग कप, मग स्प्रिंग, मग तळाची झडप. प्रत्येकाशेजारी एक आकडा आणि खाली त्या आकड्याचे नाव. प्रत्यक्षात या सगळ्या वस्तू एका काळ्या ओतीव डब्याच्या पोटात दाटीने, तेलात बुडून, कायमच्या अंधारात राहतात. त्यांना असे एकमेकांपासून विलग, स्वच्छ, आपापल्या पूर्ण आकृतीत कोणीच कधी पाहिलेले नसते. चित्रकाराने मनातल्या मनात तो डबा उकलला आणि प्रत्येक तुकड्याला त्याचे आकाश दिले. कपाचा ओठ कुठल्या दिशेला, हे त्या रेखाटनात इतके निःशंक दिसते की शब्दांनी सांगायला परिच्छेद लागला असता. आणि हा ओठ चुकीच्या दिशेला बसला तर पेडलच्या अंगात जोरच येत नाही. म्हणजे गाडीतल्या माणसांचे प्राण त्या रेखाटनातल्या एका वळणदार रेषेवर तोललेले आहेत, आणि रेषा मात्र हाताला कंप न येता काढलेली आहे.

चित्राकडून मजकुराकडे वळावे, तर तिथे भाषेचा एक निराळाच संयम भेटतो. सगळी वाक्ये आज्ञार्थी. कर्ता कुठेच नाही. काढा, पुसा, तपासा, बसवा. आपल्या सूत्रग्रंथांची जी अल्पाक्षरता, तीच इथे. पण सूत्राच्या कोरडेपणाआड जसा शिष्याविषयीचा जिव्हाळा दडलेला असतो, तसाच तो या आज्ञार्थांतही आहे, आणि तो काही ठिकाणी एका क्रियाविशेषणातून डोकावतो. रबरी कप बसवताना बोटांशिवाय दुसरे कोणतेही हत्यार वापरू नये, असे तिथे बजावले आहे. फक्त बोटे. सबंध पुस्तकभर पाने, ओढणारी हत्यारे, हातोडे यांची वर्दळ. आणि ऐन नाजूक क्षणी लेखक सगळी हत्यारे खाली ठेवायला लावतो. का, ते उघड आहे. पेचकसाच्या टोकाने कपाच्या ओठावर केसाएवढा ओरखडा उमटला, तर तेल त्याच वाटेने निसटणार. पण वाचताना मला कारणाआधी ती हालचाल दिसते: तर्जनी आणि अंगठा यांच्यात धरलेला, ब्रेक ऑइलने ओला केलेला तो छोटा काळा कप, बाळाच्या डोक्यावर टोपडे घालावे तसा पिस्टनच्या कंगोऱ्यावरून सरकवलेला.

तसेच नळीबद्दल. पुढच्या दोन चाकांना दोन आणि मागच्या आसाला एक, अशा तीन लवचिक रबरी नळ्या या गाडीला असतात, कारण चाके वरखाली होतात आणि चौकट होत नाही. नळी काढायची तर आधी तिच्याशी जोडलेल्या धातूच्या पाइपचा नट सोडवावा, मग कंसावरचे नट, मगच नळी; पीळ बसेल अशा रीतीने नळी कधीही फिरवू नये. या ‘कधीही’मध्ये किती गाड्यांचा अनुभव साठला असेल! पिळलेली नळी बाहेरून धडधाकट दिसते. आतले रबर मात्र दुखावते, फुगते, तेलाला जाऊ देते पण परत येऊ देत नाही. मग पाय उचलला तरी ब्रेक धरूनच राहतो, चाक तापते, आणि माणूस ड्रम उघडून शूला दोष देत बसतो. व्याधी एकीकडे आणि कळ दुसरीकडे, हे आपल्या वैद्यांना ठाऊक असलेले सत्य इथे एका निषेधवाक्यात मावले आहे.

पुढच्या चाकांची रचना हा या विभागातला, माझ्या मते, सर्वांत काव्यमय भाग. प्रत्येक पुढच्या ड्रममध्ये दोन शू आणि प्रत्येक शूला आपला स्वतंत्र छोटा सिलिंडर. पिस्टन शूच्या ज्या टोकाला रेटतो, त्याच टोकाकडून फिरता ड्रम शूवर येतो आणि टेकूच्या टोकाकडे निघून जातो. त्यामुळे स्पर्श होताच घर्षण स्वतःच शूला ड्रमच्या अंगावर आणखी ओढून घेते. ज्या वेगाला थांबवायचे आहे, त्याच्याकडूनच थांबवण्याचे बळ उसने घ्यायचे! दोन्ही शू असे अग्रगामी असल्यामुळे 7 इंचांचा तो लहानसा ड्रम आपल्या आकारापेक्षा मोठे काम करतो. (पुढे 1962 साली 1098 सीसीचे इंजिन आले तेव्हा पुढचे ड्रम 8 इंचांचे झाले.) या रचनेची दुसरी बाजूही तितकीच सुंदर आहे. गाडी उलटी जाऊ लागली की ड्रमची दिशा बदलते, तोच ड्रम आता शूला दूर ढकलू लागतो, आणि पुढच्या ब्रेकचे ते उसने बळ नाहीसे होते. चढणीवर उभी गाडी मागे घरंगळताना पेडल अधिक जोराने का दाबावे लागते, हे मला वीस वर्षे गाडी चालवून कळले नव्हते; एका आकृतीने ते कळले.

या सगळ्याच्या मुळाशी पास्कलने सतराव्या शतकात सांगितलेला नियम आहे. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो. माल्कम लॉकहीडने 1917 साली द्रवदाबाच्या ब्रेकचे पेटंट घेतले, 1921च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना ते लागले, आणि त्याचे नाव मिरवणारे ब्रेक माझ्या मामांच्या मायनरपर्यंत पोचले. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते; पेडल कणकेसारखे लागते ते नळीत शिरलेल्या हवेमुळे. म्हणून हवा काढायची. ती मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून काढत जवळ यायचे, हा क्रमही पुस्तकात आहे, आणि तो वाचताना मला नेहमी अंगण झाडणारी बाई आठवते, जी दूरच्या कोपऱ्यापासून झाडत दाराशी येते.

पण कोणताही शास्त्रग्रंथ टीकेवाचून पूर्ण होत नाही. मामांच्या प्रतीच्या समासात शिसपेन्सिलीने, त्यांच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात, टिपणे आहेत. सिलिंडर धुण्याच्या परिच्छेदाशेजारी दोन वेळा अधोरेखित केलेले: ‘रॉकेल नको.’ आमच्याकडे लोखंडाची कुठलीही वस्तू धुवायची म्हणजे रॉकेल, असा हाताला वळण पडलेला नियम; आणि खनिज तेलाचा स्पर्श झाला की या गाडीतले रबर फुगून मऊ पडते. मामांनी ती चूक केली असणार किंवा कोणाला करताना पाहिले असणार. तीन शब्दही नाहीत त्या टिपणात, पण मूळ ग्रंथकाराला जो वाचक ठाऊकच नव्हता, त्या पुण्याच्या वाचकाचा हात ते नेमका धरते. टीकाकाराचे काम याहून वेगळे काय असते?

काही ठिकाणी मात्र आता आपणच समासात लिहायला हवे. त्या काळातल्या शूंवरच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. जुन्या गॅरेजांत ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवून देण्याची सर्रास पद्धत होती, आणि ती बारीक धूळ फुप्फुसांत जाऊन बसते हे ज्यांनी ते काम केले त्यांना फार उशिरा कळले. म्हणून ड्रम उघडताना तोंडावर योग्य मास्क, धूळ ओल्या फडक्याने टिपून घ्यायची, आणि फडके पिशवीत बंद करून वेगळे टाकायचे. मी हे पेन्सिलीने मामांच्या अक्षराखाली लिहिले आहे. ब्रेक ऑइलचेही तसेच. ते हवेतली आर्द्रता शोषते; ‘डॉट 3’ प्रतीचे ताजे तेल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर हाच किमान आकडा 140 अंशांवर येतो. खंबाटकी घाटासारख्या उतारावर तापलेल्या ड्रमला हा फरक कळतो. सहा पावसाळे पोर्चमध्ये काढलेल्या गाडीतले तेल मी बाटलीत काढले, तेव्हा ते काकवीच्या रंगाचे होते.

आता त्या जागेकडे येऊ, जिच्यासाठी हा सगळा प्रपंच. मायनरचा मास्टर सिलिंडर बॉनेटखाली सापडत नाही. तो ड्रायव्हरच्या पायांखाली, चौकटीच्या लांब तुळईच्या पोटात बसवलेला आहे. जाजम उचलायचे, जमिनीतले झाकण काढायचे, तेव्हा त्याचे बूच दिसते. बूच उघडण्यापूर्वी आजूबाजूची जागा कसोशीने स्वच्छ करा, असे पुस्तक सांगते, आणि वरून चपलांची धूळ झडणाऱ्या त्या जागी या सूचनेला गाभाऱ्यात शिरण्यापूर्वी पाय धुण्याची गंभीरता येते. सिलिंडर काढायचा, तर त्याला तुळईशी आडवे जखडणारे दोन बोल्ट काढायचे. इथेच सगळे अडते. पुढच्या चाकाचा भार पेलणारी टॉर्शन बार, म्हणजे पिळाने स्प्रिंगचे काम करणारी लांब सळई, नेमकी त्या बोल्टांच्या वाटेत आडवी येते. नट सुटतो, बोल्ट हलतो, अर्धा बाहेर येतो आणि सळईला टेकून थांबतो. मग ती भाराखालची सळई बाजूला घ्यायची. कामाचा एक तास कामाचा एक दिवस होतो.

आमच्या मिस्त्रींनी, सत्तरी ओलांडलेल्या, बोलायला फार नाखूश अशा माणसाने, जॅक लावला, खाली घोड्या सरकवल्या, गाडी हाताने हलवून पाहिली आणि मगच ते आत शिरले. मी बॅटरी धरून उभा. थोड्या वेळाने आतून आवाज आला, “साहेब, हे कोणी केलंय?” मला वाटले काही मोडले. “बोल्ट उलटे आहेत. सळईच्या बाजूला नट, डोकं इकडं. सरळ हातात आले.” त्यांनी दोन्ही बोल्ट गाडीखालून बाहेर, माझ्या तळहातावर ठेवले. ग्रीस लावून बसवलेले, एका कणाचाही गंज नसलेले.

मी पुस्तक उघडले. मास्टर सिलिंडरच्या पानावर, समासात तळाशी, जिथे मी आधी कधी नीट पाहिले नव्हते, पेन्सिलीची एक पुसट ओळ होती: ‘बोल्ट उलटे घातले. पुढच्याला त्रास नको.’

मिस्त्री बाहेर आले, फडक्याला हात पुसत ती ओळ त्यांनी वाचली, आणि काही न बोलता पुन्हा आत गेले. मामांनी तो दिवसभराचा त्रास स्वतः सोसला होता, सळई बाजूला घेतली होती, आणि परत जोडताना दिशा बदलली होती. पुढचा म्हणजे कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना मूल नव्हते. गाडी विकली जाईल, भंगारात जाईल, कोणाच्या हाती पडेल, काहीच ठरलेले नव्हते. मॅन्युअलच्या लेखकालाही आपला वाचक कुठे दिसत होता? तरी त्याने लिहिले, फक्त बोटांनी. मूळ ग्रंथाचा तो कर्ता नसलेला आज्ञार्थ मामांच्या टिपणात पहिल्यांदा कोणाला तरी उद्देशून बोलला, असे मला वाटले.

रबराचे किट लेस्टरला राहणाऱ्या भाच्याने आणले. विलायतेत या गाडीवर माया करणारे इतके आहेत की सत्तर वर्षांपूर्वीच्या गाडीचा कपही नवा मिळतो. मिस्त्रींनी बोल्ट उलटेच घातले. संध्याकाळी हवा काढायला माझी मुलगी पेडलवर बसली. गाडीखालून मिस्त्रींचा आवाज, आणि वरून तिचा.

“दाब… धर… धरून ठेव… आता सोड.”

“काका, अजून मऊ लागतंय.”

“लागू दे. पुन्हा दाब.”

दूरच्या चाकापासून जवळच्या चाकापर्यंत. निपलवरच्या नळीतून बाटलीत उतरणारे बुडबुडे आधी माळेसारखे, मग सुटे सुटे, मग नुसते नितळ तेल. चौथ्या चाकाला तिने पाय दाबला आणि तो अर्ध्यावरच थांबला. “दगड झाला, बाबा,” ती म्हणाली.

मग मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन पुढच्या डाव्या चाकापाशी बसलो. छिद्र पेचासमोर आणले. आवळत गेलो, चाक जड झाले, आणि अडले. तळव्यात एक टक्का मागे. पेडल एकदा जोराने दाबून शू आपापल्या जागी बसू दिले, पुन्हा तपासले. दुसऱ्या पेचालाही तसेच. चाक हाताने फिरवले, तर आत कुठेतरी, एका फेरीत एकदाच, लायनर ड्रमला अगदी हलके चाटून गेल्याचा आवाज येत होता. मिस्त्रींनी कान लावला, मान हलवली. तीनचार फेऱ्यांनी तोही आवाज गेला.